बिअर्डी घेताना आधी टाकी बघा, मग सरडा

बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे घरात पाळायचा परदेशी सरडा ऊर्फ बिअर्डी, घ्यायला गेलेली माणसं रंग बघतात. लाल, केशरी, लिंबू. पोरांचं बोट सगळ्यात भडक पिल्लाकडे जातं, दुकानदार तेच उचलून त्यांच्या हातावर ठेवतो आणि सौदा होऊन जातो. रंगावरून तब्येत कळत नाही. ती कळते शेपटीच्या बुडाशी, खालच्या जबड्यात, पायांच्या बोटांत आणि विष्ठेत. या चार जागा कोणी आपणहून दाखवत नाही, आपणच मागून बघायच्या असतात.

हे लिहितोय ते यवतमाळ, वर्धा, वाशीम, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतल्या गावात राहणाऱ्यांसाठी. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो, श्रावणात भिंतींना ओल येते, डिसेंबरच्या रात्री १० अंशांच्या आसपास उतरतात, लाइन कधी जाईल याचा नेम नसतो आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात बैल-शेळीवर बसलेला असतो. आजारी पिल्लू घरी आणलं तर त्याला वाचवायची साधनं गावात फारशी नसतात. म्हणून सगळी मेहनत निवडतानाच करायची.

प्राणी मूळचा मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, झुडपी मुलखातला. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. ऑस्ट्रेलिया आपले वन्यप्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, हे कित्येक दशकांपासून चालू आहे. त्यामुळे जगभर विकले जाणारे बिअर्डी पिंजऱ्यातच जन्मलेल्या पिढ्यांचे असतात. ‘डायरेक्ट ऑस्ट्रेलियाचा माल आहे भाऊ’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. पूर्ण वाढलेला प्राणी शेपटीसकट ४५ ते ६० सेंटीमीटर भरतो, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. नीट ठेवला तर ८ ते १२ वर्षं जगतो.

ही वर्षं मोजून बघा. पाचवीतल्या पोरासाठी घेतलेला बिअर्डी, पोरगा बारावी करून नागपूर-पुण्याला गेला तरी घरातच असणार. मग त्याचं सगळं आईकडे नाहीतर आजीकडे येतं, तेव्हा पोराच्या आधी त्यांना विचारा. आणि अर्धवट विचारू नका. या सरड्याला जिवंत किडे लागतात. लहानपणी तर त्याच्या खाण्याचा मोठा हिस्सा किड्यांचाच असतो, आणि ते किडे, म्हणजे डुबिया झुरळं, रातकिडे, सुपरवर्म नावाच्या जाड अळ्या, घरातच डब्यात पाळावे लागतात. घरात माळकरी किंवा महानुभाव पंथाचं कोणी असेल तर ही गोष्ट प्राणी आणण्याआधी उघडपणे बोलून घ्या. आणल्यावर वाद झाला की उपाशी सरडाच राहतो.

दुसरी गोष्ट साल्मोनेलाची, म्हणजे माणसाला जुलाब-ताप आणणाऱ्या जंतूंची. हे जंतू ठणठणीत दिसणाऱ्या सरड्याच्या आतड्यातही असू शकतात आणि विष्ठेतून टाकीभर, अंगभर पसरतात. पाच वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई, फार म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असलेलं कोणी घरात असेल तर तूर्त घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, सरड्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासायची नाहीत आणि त्याला ओट्यावर फिरू द्यायचं नाही.

आता कधी घ्यायचा. विदर्भात यासाठी सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत. हवा कोरडी झालेली असते, दिवस उबदार असतात, आणि उन्हाळा यायच्या आत पिल्लाला रुळायला चार-पाच महिने मिळतात. मार्च ते जून घेऊच नका. बिअर्डी वाळवंटातला आहे म्हणून आपलं ऊन त्याला मानवेल, हा गैरसमज दरवर्षी पिल्लं मारतो. त्याला टाकीच्या एका टोकाला, दिव्याखालच्या दगडावर ३८ ते ४२ अंश लागतात हे खरं, पण दुसऱ्या टोकाला २४ ते २९ अंशांचा गार कोपराही लागतो. रानात तो तापला की बिळात जातो. टिनाच्या खोलीत दुपारी हवाच ४२ असेल तर टाकीत बीळ कुठून आणणार? कवेलूचं किंवा जाड मातीच्या भिंतीचं घर त्या मानानं बरं. कूलर लावला तर हवा गार होते पण ओल वाढते. या प्राण्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, आणि आठवडेच्या आठवडे ६०-७० टक्क्यांत राहिला की श्वासाचे आजार धरतात. कूलर लावायचाच तर झोत टाकीवर येऊ देऊ नका, समोरची खिडकी उघडी ठेवा आणि टाकीत आर्द्रतामापक ठेवा. घरात अशी एकही खोली नसेल तर प्राणी कितीही निरोगी निवडला तरी मे महिन्यात तो आजारी पडणार. तेव्हा न घेणं हाही एक निर्णय आहे.

वीजबिलाचा हिशोब सोपा आहे. १०० वॉटचा बास्किंग (शेकायचा) बल्ब आणि २४ ते ३९ वॉटची यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची ट्यूब, दोन्ही १२ तास चालवले तर रोज साधारण दीड युनिट, महिन्याला ४५ च्या आसपास. प्राण्यापेक्षा टाकी आणि दिवे महाग पडतात, आणि टी-५ प्रकारची यूव्हीबी ट्यूब वर्षानं बदलावीच लागते. ती उजेड देत राहते, पण तिचं यूव्हीबी तोवर उतरलेलं असतं. पूर्ण वाढलेल्या बिअर्डीला ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच जागा लागते. हे सगळं घरी मांडून, दोन दिवस चालवून, तापमान मोजून झाल्यावरच दुकानात जा.

कायद्याचं थोडक्यात. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिचं पिल्लू ‘ड्रॅगन’ म्हणून कोणी देत असेल तर घेणाराही गुन्हेगार ठरतो. फरक ओळखणं कठीण नाही. घोरपडीची मान लांब, जीभ सापासारखी दुभंगलेली, अंग गुळगुळीत. बिअर्डीचं डोकं त्रिकोणी, अंग चपटं, कुशीवर आणि गळ्याखाली काट्यांच्या रांगा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि त्यासाठी २०२४ चे नियम आहेत. यादी बदलत राहते, म्हणून घेण्याआधी विभागीय वन कार्यालयात विचारून घ्या. विकणाऱ्याकडून प्रजातीच्या नावासकट पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा. शेजारी ‘यायनं घोरपड पाळली’ म्हणून वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करू शकतात, आणि तेव्हा हेच बिल कामी येतं.

दुकानात जाताना बरोबर न्यायच्या वस्तू: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा, टॉर्च, मोजपट्टी आणि शक्य असेल तर इन्फ्रारेड तापमापक. कोरोनात घेतलेली कपाळाची बंदूक चालत नाही, ती माणसाच्या तापाच्या आसपासचंच मोजते. वेळ सकाळी ११ ते १ ची. दिवे लागून दोन तास झालेले असले पाहिजेत. थंड पडलेला निरोगी बिअर्डी आणि आजारी बिअर्डी सारखेच दिसतात, म्हणून सकाळी ९ वाजता शटर उघडताच जाऊन काही कळत नाही.

आधी टाकी. एका टाकीत पंधरा-वीस पिल्लं असतील आणि त्यांच्या आकारात फरक असेल, तर मोठी पिल्लं लहानांचा चारा खातात आणि बोटं-शेपट्या चावतात. तुटलेली शेपटी पालीसारखी परत येत नाही, बोटही नाही. जुनी, कोरडी, बरी झालेली जखम चालते, त्यानं आयुष्यात काही बिघडत नाही. पण टोक काळं पडून वाळत वर सरकत असेल तर ती सड आहे. मग टाकीवरचे दिवे बघा. माशांच्या टाकीचा निळा बल्ब, झाडांची एलईडी किंवा नुसता लाल बल्ब म्हणजे यूव्हीबी नव्हे. ट्यूबवर यूव्हीबी आणि टक्केवारी, १० किंवा १२, छापलेली असते. ती वाचा. काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हानं काम भागतं असं कोणी सांगेल, पण काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबीशिवाय दोन महिने वाढलेल्या पिल्लाच्या हाडांत कॅल्शियम नीट बसलेलं नसतं, मग ते वरून कितीही टवटवीत दिसो. तळाला सुटी वाळू किंवा भुसा असेल तर किड्याबरोबर तो पोटात जाऊन आतडं तुंबण्याचा धोका लहान पिल्लांत जास्त असतो. वर्तमानपत्र घातलेली टाकी दिसायला गरीब दिसते, पण माझा भरवसा त्याच दुकानावर जास्त बसेल.

टाकीतल्या सगळ्या पिल्लांकडे दहा मिनिटं नुसतं बघत राहा, हात लावू नका. एकही पिल्लू मान मागे टाकून वर आभाळाकडे बघत बसत असेल, गोल गोल फिरत असेल, थरथरत असेल, तर त्या टाकीतलं दुसरं कुठलंही पिल्लू घ्यायचं नाही, अगदी ठणठणीत दिसणारंही. अशी लक्षणं अ‍ॅडिनोव्हायरसची असू शकतात. त्यावर औषध नाही, तो विष्ठेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि बाहेरून काहीच न दाखवणारा सरडाही तो बाळगून असू शकतो. ‘वरतं पाहते, मस्ती करते’ असं हसण्यावारी नेलं जातं, तिकडे लक्ष देऊ नका.

काही गोष्टी मात्र भीतीदायक दिसतात आणि असतात साध्या. दिव्याखाली तोंड उघडून बसणं म्हणजे अंगातली जादा उष्णता बाहेर टाकणं. एक हात उचलून हळू हलवणं ही मोठ्यासमोर माघार घेतल्याची खूण. दाढी काळी होणं म्हणजे राग, भीती किंवा रुबाब, आणि ती थोड्या वेळात निवळते. कात टाकण्याआधी डोळे फुगवून बाहेर काढणंही चालतं. पण गार कोपऱ्यात तोंड उघडं असेल, नाकाशी बुडबुडे किंवा चिकट धागा दिसत असेल, श्वासाला टिकटिक आवाज येत असेल, तर ते फुप्फुसाचं दुखणं आहे.

मग चारा घालून दाखवायला सांगा. ही सगळ्यात मोठी परीक्षा. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. निरोगी पिल्लू किडा हलताच डोकं वळवतं, दोन्ही डोळ्यांनी निशाणा धरतं, धावतं, जीभ मारतं आणि चावून गिळतं. एखादा नेम चुकला तर हरकत नाही. पण पाचात चार वेळा जीभ बाजूला पडत असेल, किडा अंगावरून गेला तरी लक्ष नसेल, किंवा तोंडात धरून चावताच येत नसेल, तर मेंदूचं किंवा जबड्याचं काहीतरी आहे. ‘आत्ताच खाल्लं’ हे सर्रास मिळणारं उत्तर. खरंही असेल. तेव्हा ‘ठीक आहे भाऊ, उद्या येतो, तोवर खाऊ घालू नका’ म्हणावं. दुसऱ्या दिवशीही ‘आत्ताच खाल्लं’ असेल तर समजून घ्या.

आता हातात. वरून झडप घालून उचलायचं नाही. वरून येणारा हात त्याला शिकरा वाटतो. समोरून, पोटाखाली बोटं घालून, चारही पायांना आधार देऊन उचला. पहिल्या क्षणी धडपड हवीच. हातावर ठेवताच ओल्या फडक्यासारखं पसरणारं पिल्लू ‘माणसाळलेलं’ नसतं, बहुतेक वेळा त्याच्यात जीव कमी असतो. माणसाळलेला बिअर्डी शांत बसतो पण डोकं वर, दोन्ही डोळे उघडे, नखांनी हाताला धरून.

शेपटीचं बूड बघा. ते गोलसर, भरलेलं हवं. कमरेची दोन हाडं टोकदार दिसत असतील आणि शेपटीच्या मुळाशी खड्डे असतील तर कुपोषण. डोक्याच्या वर, डोळ्यांच्या मागे चरबीच्या दोन उशा असतात. तिथं खळगे पडलेले आणि डोळेही आत गेलेले म्हणजे पाण्याची कमतरता, किंवा बरेच दिवसांची उपासमार, किंवा पोटात जंत. उलट या उशा फुगून टेंगळासारख्या झालेल्या मोठ्या सरड्यात दिसतात. त्याला सुपरवर्मवर पोसलेलं असतं आणि यकृतावर चरबी असण्याची शक्यता धरून चालायचं.

खालचा जबडा हे या तपासणीचं खरं केंद्र. बोटाच्या टोकानं दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबा. हाडासारखा कडक लागला पाहिजे. रबरासारखा दबत असेल, पुढून वर वळलेला असेल, वरचा आणि खालचा ओठ जुळत नसेल, तर चयापचयी अस्थिरोग, ज्याला सगळे एमबीडी म्हणतात. कॅल्शियम, यूव्हीबी आणि उष्णता यातलं एक जरी कमी पडलं तरी शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून ते काढून घेतं, आणि जबडा नि पाय आधी मऊ पडतात. सुरुवातीची खूण आणखी बारीक असते. पिल्लू हातावर असताना बोटं किंवा पायाचा पंजा आपोआप फडफडतो. ती फडफड दिसली की बाकी कितीही चांगलं असो, ठेवून द्या. औषधानं रोग थांबतो, पण वाकलेली हाडं सरळ होत नाहीत.

पाठीच्या कण्यावरून, शेळी घेताना कमरेवरून हात फिरवतो तसंच, एक बोट मानेपासून शेपटीपर्यंत फिरवा. गाठ, खाच, बाक लागायला नको. पुढचे पाय कोपरात फुगलेले किंवा धनुष्यासारखे वाकलेले नकोत. चालवून बघा. निरोगी बिअर्डी पोट जमिनीवरून उचलून चालतो. पोट घासत, मागचे पाय ओढत चालणारा नको.

टॉर्च आता काढा. कानाच्या खाचा, डोळ्यांच्या कडा, काखा आणि मांडीचे सांधे तपासा. तिथं सरकणारे लाल-काळे ठिपके म्हणजे माइट्स, अंगावरचे बारीक परजीवी किडे. पांढऱ्या कापडावर पिल्लू दोन मिनिटं ठेवलं तर ते कापडावरही उतरतात. बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची कडी अडकली असेल तर रक्तपुरवठा बंद होऊन ते टोक गळतं. एखादं कडं कोमट पाण्यात सुटतं, पण चारही पायांना कडी असतील तर त्या टाकीत काळजी कोणी घेत नाही एवढं नक्की. पोटावर पिवळे-तपकिरी, खपलीसारखे, खरखरीत चट्टे दिसले तर हात लगेच धुवा आणि बाहेर पडा. नॅनिझिऑप्सिस नावाची बुरशी अशी दिसते, ती मांसापर्यंत खोल जाते आणि बिअर्डी सहसा वाचत नाही. कात टाकतानाची कातडी याहून वेगळी दिसते, निस्तेज पांढरट-करडी, कागदासारखी आणि एकसारखी.

शेवटी गुदद्वार. कोरडं, स्वच्छ हवं. वाळलेली विष्ठा चिकटलेली असेल तर जुलाब आहेत. टाकीतली ताजी विष्ठाही बघा. निरोगी विष्ठा तपकिरी, आकार धरलेली, आणि तिच्या टोकाला पांढरा युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा गोळा. युरेट पिवळा-केशरी असेल तर पाणी कमी पडतंय. पातळ, चिकट, खोलीभर घाण वास सुटणारी असेल तर कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) किंवा जंत समजा.

वजन आणि लांबी मोजून लिहून घ्या. दोन महिन्यांचं पिल्लू किमान १५ सेंटीमीटर हवं. चार महिन्यांचं २३ ते ३० सेंटीमीटर आणि किमान ४० ग्रॅम. ‘चार महिन्यांचा आहे’ म्हणत १५ सेंटीमीटरचं पिल्लू हातात दिलं, तर एकतर वय खोटं आहे किंवा वाढ खुंटलेली आहे. दोन्हीत नुकसान तुमचंच.

वयाबद्दल माझं मत ठाम आहे. गावातल्या घरानं पहिल्यांदा घेताना दोन महिन्यांचं गोंडस पिल्लू घेऊ नये. चार ते सहा महिन्यांचं घ्यावं. तोपर्यंत नाजूक पिल्लं गळून गेलेली असतात, हाडांचा दोष असेल तर दिसू लागलेला असतो, दोन तास लाइन गेली तर मोठं पिल्लू निभावून नेतं, आणि ते पालाही खायला लागलेलं असतं. पाला खाणारं पिल्लू म्हणजे आपल्याकडे अर्धी चिंता मिटली. शेवग्याचा पाला, लसूणघास, कोहळ्याचा कीस, जास्वंदाची फुलं, सगळं घरचं. फवारलेलं मात्र नको. पालक आणि घोळ रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

पाल्याचं निघालं म्हणून किड्यांचंही सांगतो. वावरातले टोळ, नाकतोडे फुकट मिळतात हे खरं, पण पऱ्हाटी आणि सोयाबीनवर जूनपासून दिवाळीपर्यंत काय काय फवारलं जातं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं विषबाधेनं गेली. ५० ग्रॅमच्या सरड्याला अर्धमेला टोळ घातला तर काय होईल ते उघड आहे. काजवा तर एकही चालत नाही. त्याच्यातलं विष बिअर्डीचं हृदय थांबवतं, एका काजव्यानं मोठा सरडाही मरतो. पावसाळ्याच्या तोंडाला पोरं काजवे धरून आणतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

रंगाच्या जातींत एकच ठामपणे नको म्हणतो: सिल्कबॅक. लेदरबॅक म्हणजे गुळगुळीत पाठीची जात, तिची दोन जनुकं एकत्र आली की अंगावर खवलेच येत नाहीत, कातडी मऊ रेशमी राहते. दिसायला वेगळा, म्हणून किंमत जास्त. पण ती कातडी फाटते, कात अडकते, पाणी लवकर उडून जातं, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचे हाल होतात. एका जनुकाचा साधा लेदरबॅक चालतो. साधा तपकिरी-पिवळा, पूर्ण खवल्यांचा बिअर्डी सगळ्यात कमी भावात मिळतो आणि मी तोच सुचवीन.

नर की मादी? शक्य असेल तर नर. मादी नराशिवायही अंडी घालते, त्यासाठी तिला खणायला ओलसर मातीची खोल पेटी लागते, आणि अंडी अडकली तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं. ओळखायला शेपटी बुडाजवळ धरून हलकी वर उचला, काटकोनापर्यंत नेऊ नका, आणि वरून टॉर्च मारा. गुदद्वाराच्या वर शेपटीकडे दोन फुगवटे आणि मधे खाच असेल तर नर, मधोमध एकच फुगवटा असेल तर मादी. चार-पाच महिन्यांच्या आधी हे खात्रीनं सांगता येत नाही. त्यामुळे महिन्याच्या पिल्लाला ‘गॅरंटीड मेल’ म्हणणाऱ्याचं बाकी बोलणंही त्याच मापानं मोजा. आणि घ्यायचा तो एकच. जोडी करमते, एकमेकांना सोबत होते, हे माणसाच्या मनातलं. यांच्यात दबणारा सरडा हळूहळू खाणं सोडतो, आणि दोन नर तर एकमेकांना फाडतात.

‘थंडीनं सुस्त आहे’ या वाक्याबद्दलही थोडं. डिसेंबर-जानेवारीत वर्षावरचा बिअर्डी खरंच मंदावतो, खाणं कमी करतो, आडोशाला पडून राहतो. त्याचं वजन मात्र टिकून असतं. चार महिन्यांच्या पिल्लाला हे कारण लागू होत नाही. त्यानं भर थंडीतही दिव्याखाली खाल्लंच पाहिजे.

नागपूरहून गावी आणताना भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला जुनं सुती कापड घाला, आणि डबा मांडीवर ठेवा. निघण्याआधी काही तास चारा नको. एसटीच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटरसायकलच्या पेटीत ठेवायचा नाही. ऑनलाइन पैसे भरून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं मागवलेला प्राणी तर घेऊच नका. वर सांगितलेली एकही तपासणी त्यात करता येत नाही.

घरी आल्यावर दोन-चार दिवस तो नीट खाणार नाही. हे चालतं. हाताळू नका, पोरांना लांबून बघू द्या. टाकीत फक्त वर्तमानपत्र, एक फांदी, एक आडोसा. रोज विष्ठा बघा, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वाराला सकाळी रिकाम्या पोटी वजन करा आणि वहीत लिहा. वाढत्या वयात दोन आठवडे लागोपाठ वजन थांबलं किंवा उतरलं तर वाट बघत बसू नका.

पहिली ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घ्या, वाळू देऊ नका, आणि त्याच दिवशी तपासायला न्या. यासाठी सरड्यांचा तज्ज्ञच लागतो असं नाही. करडांच्या लेंड्यांत कॉक्सिडिया शोधणारी तपासणी जिथं होते, तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली सरड्याचीही विष्ठा बघता येते. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. औषधाचा डोस मात्र नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेत, किंवा सरपटणारे प्राणी बघणाऱ्या खासगी डॉक्टरकडून, ग्रॅममधल्या वजनावर काढून घ्या. शेळीच्या गोचिडांसाठी आणलेलं इंजेक्शन थेंबाच्या अंदाजानं देऊ नका, यात सरडे मरतात. रिपोर्टमध्ये थोडे पिनवर्म (बारीक जंत) दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही, ते बऱ्याच बिअर्डींत असतात, आणि औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर संख्येवरून ठरवतील. कॉक्सिडिया जास्त असतील तर उपचार बरेच दिवस चालतात आणि टाकीची स्वच्छता औषधाइतकीच महत्त्वाची होते. विष्ठा पडली की लगेच कागद बदलायचा, भांडी उकळत्या पाण्यात टाकायची. ब्लीचनं या जंतूंची अंडी मरत नाहीत, उष्णतेनं मरतात. लाकडाची फांदी जाळून टाकायची, नवी आणायची. औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी विष्ठा पुन्हा तपासा, आणि तो रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत टाकीत वर्तमानपत्राशिवाय दुसरं काही अंथरू नका.